बोलेरो नको, तपासणी द्या

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातले भाग जोडून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. ही नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी अडवतील, असंही लिहिलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारीत बोलेरो आली, जीप कंपनीकडे गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ती जीप तपासून तिला नंबर द्यायची सोय का नाही, हे कोणी विचारलं?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलं त्यापेक्षा वेगळं काही करायचं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

सुरक्षिततेचं काय, असं विचारतात. बरोबर आहे. खडकाळ वाटेसाठी जुन्या फोर बाय फोर जीपचे पाटे ॲक्सलच्या वर बसवले की गाडी उचलते. तेवढ्यावर थांबलात तर प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, ब्रेकचे होज ताणले जातात आणि आडव्या उतारावर गाडी कलंडते. म्हणूनच कोणीतरी खाली वाकून पाहायला हवं. बंदीने काम थांबत नाही, फक्त लपून होतं. आणि लपून केलेलं वेल्डिंग कोणी तपासत नाही.

हे काम करणाऱ्या लेथवाल्यांत, वेल्डरांत आपले लोक बरेच. या देशात जीप रुजवणारी कंपनी २ ऑक्टोबर १९४५ ला ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाने सुरू झाली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, १९४८ मध्ये नाव बदललं. पाटीवरचे मोहम्मद गेले. गाडीखाली पाना घेऊन आडवे झालेले मोहम्मद इथेच राहिले. त्यांना कारागीर म्हणायचं की गुन्हेगार, एवढं तरी ठरवा.

सेवाग्रामला येणारा प्रत्येक पुढारी कुटीसमोर हात जोडतो, स्वावलंबनावर बोलतो आणि जातो. त्याच गांधींनी १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस जाहीर करवलं. अटी कडक होत्या: किंमत दीडशे रुपयांच्या आत, वीस वर्षं टिकला पाहिजे. बक्षीस कोणालाच मिळालं नाही, पण दार सगळ्यांना उघडं होतं. कसोटी अशी असते.

ब्रिटनमध्ये हाताने बांधलेली एकेक गाडी स्वतंत्र तपासणीला नेता येते. उतरली तर नंबर मिळतो. आपल्याकडे सेवाग्रामात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वर्ध्यात ग्रामीण औद्योगिकीकरणाची महात्मा गांधींच्या नावाची संस्था आहे, आरटीओ आहे. तिघांनी मिळून महिन्यातून एक दिवस ब्रेक, स्टिअरिंग, वेल्डिंग आणि तोल तपासावा. फी मिस्त्रीला परवडेल एवढी ठेवावी. नापास झाली तर कारण लिहून द्यावं, म्हणजे तो दुरुस्त करून परत आणेल.

प्रत्येक मिस्त्रीला बोलेरो द्यायला कोणी येणार नाही. त्याला बक्षीसही नको आहे. त्याने बांधलेली गाडी उजेडात आणायला एक रांग हवी, आणि रांगेच्या शेवटी प्रामाणिक खिडकी.