खालच्या खणातली पुस्तकं

मैत्रिणींनो,

आमच्या केंद्रात एक छोटंसं वाचनालय आहे. मध्यंतरी आवराआवर करताना लक्षात आलं, की आत्मचरित्रं, वैचारिक पुस्तकं, कवितासंग्रह वरच्या खणांत आहेत. रहस्यकथा, भयकथा, प्रेमकथा मात्र सगळ्यात खाली. ही मांडणी माझीच. देवघेवीची वही चाळली तर सर्वांत जास्त फिरलेली पुस्तकं नेमकी त्या खालच्या खणातली!

पोळ्यांची कामं करणारी एक मैत्रीण कादंबरी परत करताना नेहमी संकोचून म्हणते, “ताई, हे आपलं असंच, टाइमपास.” तिला असं म्हणायला कुणी शिकवलं? मी तोंडाने कधी बोलले नाही, पण माझ्या कपाटाने तिला तेच सांगितलं होतं.

साहित्य गंभीर की हलकं, हे त्याच्या प्रकारावरून ठरवायचं का? मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही भयकथाच. १८१८ साली ती लेखिकेच्या नावाविना छापली गेली. आज विज्ञानाच्या जबाबदारीची चर्चा तिच्याशिवाय पुरी होत नाही. रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’मध्ये पुरुषांना पडद्यात बसवलं आणि बायकांच्या हाती राज्य दिलं. आपल्या काशीबाई कानिटकरांनीही ‘पालखीचा गोंडा’ या १९२८ च्या कादंबरीत बाईच्या हाती संस्थानाचा कारभार सोपवला. भोवतीच्या वास्तवात जे दिसत नव्हतं, ते मांडायला या दोघींना कल्पितच जवळचं वाटलं.

२०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद जयंत नारळीकरांना मिळालं. विज्ञानकथेसाठी एक दार उघडलं, याचा आनंदच आहे. पण योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर यांच्या कादंबऱ्या सर्क्युलेटिंग लायब्ररीतून घरोघरी गेल्या, कित्येक जणींना वाचनाची गोडी लागली. त्यांच्याबद्दल समीक्षक किती बोलले? ‘बायकी’ म्हटलं की विषय संपतो. इथे लेखन तोललं जातं, की वाचणारीची पायरी?

याचा अर्थ त्या खणातलं सगळंच चांगलं, असं मी म्हणत नाही. हात उगारणारा नायक शेवटी प्रेमळ निघतो, सोसणारीचंच भलं होतं, रहस्यकथेत पहिलं प्रेत बाईचं पडतं, हे मला खटकतं. पण ‘टाइमपास’ म्हणून सोडून दिलं, की जाब विचारायचाही राहून जातो. आणि तेच तर आपल्या मुली सर्वांत जास्त वाचत असतात.

परवा त्या मैत्रिणीला मुद्दाम विचारलं, “शेवट कसा वाटला?” ती जरा थांबून म्हणाली, “तिनं परत जायला नको होतं, ताई. लिहिणाऱ्याला तिची भाकरी कुठून येणार ते सुचलं नाही, म्हणून धाडली परत.” अर्धा तास आम्ही त्यावर भांडलो. इतकी नेमकी समीक्षा मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

आता आमची पुस्तकं लेखकांच्या आडनावांप्रमाणे लावली आहेत, सगळी एकत्र. तुम्ही चोरून वाचलेलं, कुणाला न सांगितलेलं पुस्तक कोणतं? त्यात काय आवडलं, कशाचा राग आला? जरूर लिहा. पुढच्या अंकात त्या पत्रांसाठी जागा राखून ठेवते आहे.

तुमची,
संपादक