तडा कुणाचा, भरपाई कुणाची?

पहिल्या दोन-तीन पावसांत नवी इमारत खरं बोलायला लागते. हॉलच्या कोपऱ्यात ओल धरते, रंगाचे पोपडे सुटतात, तुळईखाली केसाएवढी रेघ उमटते. बहुतेक घरांत ही रेघ बाईलाच आधी दिसते, कारण कपाट ओढून मागची भिंत पुसायचं काम तिच्याकडे असतं. बिल्डरचा माणूस येऊन सांगतो, "नवीन बांधकाम आहे, होतं असं." घरातलं कुणीतरी म्हणतं, "घाबरायचं कशाला? आपण विमा काढलाय ना!" आणि घोळ सुरू होतो तो इथेच.

घराचा विमा नेमका कशाचा असतो? १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने 'भारत गृह रक्षा' ही सर्व कंपन्यांसाठी एकसारखी पॉलिसी आणली. आग, वादळ, पूर, भूकंप, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं अशा ठरावीक संकटांची यादी तिच्यात आहे. इमारतीखालची जमीन खचली तरी भरपाई आहे. पण त्याच कलमाखाली अपवादही आहेत. नव्या बांधकामाला नेहमी पडणारे तडे, भराव घातलेल्या जमिनीचं बसणं, सदोष आराखडा, निकृष्ट काम आणि निकृष्ट माल यांमुळे झालेलं नुकसान त्यात धरत नाहीत. भिंतीतून हळूहळू झिरपणारी ओल तर संकटांच्या यादीतच नाही.

म्हणजे विमा अपघाताचा आहे, बिल्डरच्या चुकीचा नाही. चुकीसाठी कायदा वेगळा आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. नाही केला, तर भरपाई मागता येते.

कागदावर दोन्ही दारं उघडी दिसतात. प्रत्यक्षात एक दार उघडलं की दुसरं बंद व्हायला लागतं. सोसायटी रागाने बिल्डरला लिहिते, "तुमच्या निकृष्ट बांधकामामुळे पार्किंगची जमीन खचली." पुढे विम्याचा दावा केला की तेच पत्र कंपनीच्या फायलीत जातं आणि उत्तर येतं, "निकृष्ट काम अपवादात मोडतं, हे तुम्हीच लिहून दिलंय." उलट विमा कंपनीला "अतिवृष्टीने झालं" असं लिहिलं, तर बिल्डर तोच कागद दाखवतो, "ही दैवी आपत्ती, माझा काय दोष?" शिवाय अनेक करारनाम्यांत आणखी एक मेख असते. स्वयंपाकघर किंवा बाथरूममध्ये बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय फेरफार केले, तर दोषाची जबाबदारी संपली असं त्यात लिहिलेलं असतं. हौसेने बदललेला ओटा पुढे असा अंगाशी येतो.

हा नुसता कागदी खेळ नाही. १० फेब्रुवारी २०२२ रोजी गुरुग्रामच्या चिंटल्स पॅराडिसो या उंच इमारतीतले स्लॅब एकाखाली एक कोसळले आणि दोन स्त्रियांचा जीव गेला. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड आणि आतलं लोखंड गंजलेलं आढळलं. असा दोष रंगाखाली वर्षानुवर्षं दिसत नाही. आपल्याकडे महाडमध्ये २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळून सोळा जण गेले. ती जेमतेम दहाएक वर्षांची होती. इमारतीचा दोष पाच वर्षांचं कॅलेंडर पाहून उघडा पडत नाही, कायद्याची मुदत मात्र त्या तारखेवर चालते.

मग बिल्डरच्याच गळ्यात विमा का बांधू नये? रेराच्या कलम १६ मध्ये हा विचार आहे. जमिनीची मालकी आणि बांधकाम यांचे विमे बिल्डरने काढावेत, हप्ता त्यानेच भरावा आणि सोसायटी झाल्यावर कागदपत्रं तिच्या हवाली करावीत. पण कलमात शब्द आहेत 'सरकार अधिसूचित करील ते विमे'. म्हणजे किल्ली सरकारच्या हातात आहे. पाच वर्षांनंतरही दोषाची भरपाई देणारा, बिल्डर दिवाळखोर झाला तरी टिकणारा विमा घर घेणाऱ्याच्या हातात पडल्याशिवाय हा टोलवाटोलवीचा खेळ थांबणार नाही. आपण मागणी करायची ती याची.

तोवर आपल्या हातात काय आहे? पत्रात काय झालं, कुठे, कोणत्या तारखेला, एवढंच लिहा. कारण ठरवायचं काम स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या लेखी अहवालावर सोडा. खोटं लिहायचं नाही, पण आपल्याला माहीत नसलेलं कारणही रागाच्या भरात लिहून द्यायचं नाही. फोटो तारखेसह ठेवा. बिल्डरला लेखी तक्रार पाच वर्षांच्या आत पोचलीच पाहिजे. ज्यांना २०२१ मध्ये ताबा मिळाला, त्यांची मुदत २०२६ मध्ये संपते.

दावा नाकारला म्हणून गप्प बसू नका. सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच म्हटलंय. २०२२ च्या टेक्स्को मार्केटिंग खटल्यात दुकान तळघरात आहे हे ठाऊक असूनही विमा दिला गेला होता. आगीनंतर मात्र 'तळघर अपवादात' म्हणून हात वर केले गेले. न्यायालयाने ते मान्य केलं नाही आणि असा अपवाद ग्राहकाला आधी सांगणं कंपनीचं कर्तव्य ठरवलं. स्वतःच्या घराच्या पॉलिसीसाठी विमा लोकपालाकडे पन्नास लाखांपर्यंतची तक्रार फी न भरता करता येते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार मात्र हवी.

२०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली, आणि दारावर तिच्या नावाच्या पाट्या लागल्या. पण करारनामा आणि पॉलिसी कुठल्या कपाटात आहे, हे त्यातल्या कितीजणींना ठाऊक असतं? या रविवारी ते दोन्ही कागद काढा. ताब्याची तारीख आणि अपवादांचं पान, या दोनच गोष्टी वाचा. कोपऱ्यातली ती रेघ तुम्हीच आधी पाहिलीय, तर तिच्याबद्दलचं पहिलं पत्रही तुमच्याच हातचं असू द्या.