परांचीवरचा माणूस

बांधकामावरील एखादा गवंडी परांचीवरून पडून दगावला, म्हणजे चार लोक जमतात, हळहळतात आणि ‘त्याची वेळ भरली होती’ असें म्हणून आपापल्या वाटेनें जातात. हें बोलणें दयेचें दिसलें, तरी आमच्या मतें न्यायाचें नाहीं. वेळ भरली होती, कीं कठडा बांधावयाचा राहिला होता, हें आधीं पाहिलें पाहिजे.

पवित्र शास्त्रांत, अनुवादाच्या 22 व्या अध्यायांत, नवें घर बांधणारास गच्चीला कठडा करण्याची आज्ञा आहे. ती आज्ञा पडणारास नसून बांधणारास आहे, हें ध्यानांत घ्यावें. ‘जपून चाल’ एवढें सांगून मालकाची सुटका होत नाहीं.

अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें गोल्डन गेट पुलाचें काम 1933 सालीं सुरू झालें. त्या काळीं मोठ्या पुलाच्या कामांत दर दहा लाख डॉलर खर्चामागें एक मनुष्य मरावयाचाच, असा हिशेब रूढ होता. आणि ह्या पुलाचा खर्च सुमारें साडेतीन कोटी डॉलर होता! मुख्य इंजिनियर जोसेफ स्ट्रॉस ह्यांनीं तो हिशेब मानला नाहीं. त्यांनीं कामगारांस शिरस्त्राणें सक्तीचीं केलीं आणि पुलाखालीं दोरांचें भलें मोठें जाळें पसरविलें. त्या जाळ्यानें 19 माणसें झेललीं. मात्र 17 फेब्रुवारी 1937 रोजीं एक टांगती परांची निसटून जाळें तोडीत पाण्यांत पडली व 10 जण मृत्यु पावले. सर्व कामांत मिळून मृत्यु 11 झाले. जाळें बांधलें, तरी परांचीची तपासणी चुकत नाहीं, हा दुसरा धडा.

आपल्या देशांतही 1996 सालीं बांधकाम-कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. 1998 च्या नियमांत परांची, पट्टे व जाळीं ह्यांविषयीं तरतुदी आल्या. परंतु रोजंदारीवरचा मजूर कठडा मागूं लागला, तर उद्यां त्याच्या जागीं दुसरा उभा राहतो. म्हणून त्याच्या वतीनें बोलणें, हें घर बांधविणाराचें कर्तव्य आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कांहीं जण पुढें इंजिनियर व कंत्राटदार होतील. आपल्या पालकांपैकीं कित्येक आजच घर बांधवीत असतील. विटेचा भाव विचारतांना मोकळ्या कडांना कठडा आहे काय, लिफ्टचा खड्डा झांकला आहे काय, परांची रोज तपासतात काय, हेंही विचारावें. फळी-दोरांचा खर्च हा घराच्या किंमतीचाच भाग होय. तो वांचविणारा दुसऱ्याच्या प्राणावर काटकसर करितो.