अळणी पाव आणि पंच्याहत्तरी

आमच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांची पंच्याहत्तरी आली, की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. भटजींना विचारून ऐंद्री शांत करायची, आणि कार्यालय घेऊन दीडदोनशे पाने उठवायची. आमच्या नानांनी दोन्हींना हात जोडले. नाना म्हणजे माझे वडील. सारा जन्म कोल्हापुरात शाळामास्तरकी केली, विषय इतिहास. दिवाळी सरली की नोव्हेंबरच्या मध्यावर त्यांना पंचाहत्तर पुरी होतील. "मला फ्लॉरेन्सला न्या," ते म्हणाले. "वाढदिवसाचं जेवण तिथंच करू. मिळेल ते."

'मिळेल ते' हे दोन शब्द बायकांना किती महाग पडतात, ते वाचक भगिनींना सांगायला नको. गेले तीन महिने मी कॉलेजातले तास आणि घरचा स्वयंपाक सांभाळून इटलीच्या खाद्यपदार्थांचा अभ्यास करीत आहे. एम. ए.ला भाषाशास्त्राचासुद्धा एवढा केला नव्हता.

पण फ्लॉरेन्सच का, हे आधी सांगितले पाहिजे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले. वय अवघे वीस. इंग्लंड पाहून परत येताना वाटेत आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचा अंत झाला. त्या वेळी ते शहर इटलीची राजधानी होते. प्रेत जाळण्याची तिथे चाल नव्हती. तेव्हा खास परवानगी काढावी लागली, आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर बरोबरच्या माणसांनी आपल्या रीतीने दहन केले. पुढे १८७४ साली तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. आपल्या नव्या राजवाड्याचाही त्यांचाच. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, आणि तिथले लोक त्या जागेला 'इंडियानो' म्हणून ओळखतात. महाराजांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ साली प्रसिद्ध केली. नानांनी ती इतकी वर्षे वर्गात तोंडपाठ सांगितली, पण कोल्हापूर सोडून ते फार तर काशीपर्यंत गेले.

हा बेत ऐकून आत्या उसळल्या. वय ब्याऐंशी, आवाज खणखणीत. "वाढदिवसाच्या दिवशी कुणी मसणवटीत जातं का रे?" आम्ही सारे गप्प. नाना शांतपणे म्हणाले, "अक्का, त्या पोराला वीस वर्षं मिळाली. मला वरची पंचावन्न मिळाली. एकदा त्याच्यासमोर उभं राहू दे." आत्या उठून आत गेल्या, आणि बेत कायम झाला. गेल्या वर्षी नानांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली; पुन्हा एवढा प्रवास होणार नाही, हे घरात प्रत्येकाला ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही.

आता जेवण. धाकट्या भावाने सुचवले, तिथे हिंदुस्थानी हॉटेले आहेत, एखादे ठरवू. नाना म्हणाले, "डाळ-रोटीसाठी मला समुद्रापलीकडं नेतोस?" मग त्या शहराचा मानाचा पदार्थ कोणता, ते पाहिले. तो निघाला बैलाच्या मांसाचा, किलो-किलोचा जाडजूड तुकडा निखाऱ्यावर भाजलेला. ज्या जातीच्या बैलांचा तो करतात त्यांचे चित्र भाच्याने दाखवले. पांढरेशुभ्र, थोराड, पूर्वी नांगराला जुंपीत ते. नानांनी चष्मा वर करून पाहिले. "अगदी आपली खिलार," म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला. बुधवार-रविवार मटणाशिवाय न जेवणारे नानासुद्धा तिथे थांबले. आई तर शाकाहारीच.

खरी सोय झाली ती गरिबांच्या जेवणात. त्या मुलखातला पाव अळणी असतो, मीठच घालीत नाहीत. शिळा झाला की तो टाकायचा नाही. पांढऱ्या घेवड्याचे दाणे, काळपट पानांची कोबी, गाजर, कांदा यांच्या दाट आमटीत तो कुस्करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात. नावच 'रिबोलिता', म्हणजे पुन्हा उकळलेले. कालची आमटी आज अधिक लागते, हे त्यांनाही कळले म्हणायचे! नानांच्या कवळीलाही हे मानवेल. आईसाठी एवढेच विचारायचे, की आमटीत डुकराची चरबी वा मांसाचे पाणी नाही ना. आणि वर परमेजान चीज किसू नका, कारण त्यात वासराच्या जठरातले विरजण असते.

केकचे कोडेही सुटले. नानांना मधुमेह, आईला अंडे चालत नाही. तिथे शरदात 'कास्तान्याचो' करतात. चेस्टनटचे पीठ पाण्यात कालवायचे, ऑलिव्हचे तेल, बेदाणे, चिलगोज्यासारख्या बिया आणि रोजमेरीची पाने घालून भाजायचे. साखर नाही, अंडे नाही. बेदाण्यांची आणि पिठाची काय गोडी असेल ती.

वेळेचा घोळ मात्र मोठा. नाना सात वाजता जेवतात. तिथली खानावळ साडेसातच्या आत दार उघडीत नाही. म्हणून दुपारचेच ठरवले. सकाळी छत्री, साडेबाराला पान.

राहिले औक्षण. युरोपच्या नियमाने दुधाचे पदार्थ आणि मांस बाहेरून नेता येत नाही. म्हणजे पेढे गेले, तूपही गेले. फळांना दाखले लागतात, पण सूट असलेल्या चारपाच फळांच्या यादीत नारळ आहे! मी तर उड्याच मारल्या. मग विमानाचे नियम वाचले. सुक्या खोबऱ्यात तेल असते म्हणून त्याला मनाई. नारळाबद्दल विमानकंपनीला पत्र धाडले आहे. निरांजनात मात्र तिथलेच तेल घालणार. नोव्हेंबरात ऑलिव्हचे नवे तेल निघते, हिरवेगार आणि घशाला झोंबणारे. खानावळवाल्या बाईंना विचारले, टेबलावर लहानसा दिवा लावला तर चालेल का. उत्तर आले, की चालेल, फक्त पडद्यापासून दूर.

परवा आत्या आल्या. हातात प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत बांधलेली कांदा-लसणाची चटणी. "सुकी केलीय, तेल लागलेलं नाही," म्हणाल्या. "अळणी पाव खातात म्हणे ते लोक. त्या बाईलाही चमचाभर दे."