कैद्याचे वादपत्र आणि दुरुस्तीची एक संधी

अमेरिकेतील तुरुंगांतून दरवर्षी हजारो दिवाणी दावे संघराज्याच्या न्यायालयांत दाखल होतात. कोणास औषधोपचार नाकारलेला असतो, कोणास मारहाण झालेली असते. १८७१ च्या नागरी हक्क कायद्याने त्यांना दाद मागण्याची वाट दिली आहे. मात्र गरीब आरोपीस फौजदारी खटल्यात सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा जो हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये मान्य केला, तो दिवाणी दाव्यास लागू नाही. त्यामुळे बहुतेक कैदी आपले वादपत्र स्वतःच लिहितात.

अशा वादपत्रात उणिवा राहणारच. कैदी सारा दोष ‘तुरुंगा’वर ठेवतो, न्यायालयाला मात्र कोणत्या अधिकाऱ्याने, केव्हा, काय केले हे हवे असते. केवळ वरिष्ठ आहे म्हणून तुरुंगाधिकारी जबाबदार ठरत नाही. १९९६ च्या कायद्यानुसार न्यायालय अशा वादपत्राची सुरुवातीलाच छाननी करते आणि सदोष दावा तेथेच फेटाळू शकते.

येथे दुरुस्तीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दिवाणी कार्यपद्धतीचा १५ वा नियम वादीला ठरावीक मुदतीत एकदा परवानगीविना दुरुस्ती करू देतो. त्यानंतर परवानगी लागते, आणि न्यायासाठी आवश्यक असेल तेव्हा ती मोकळ्या मनाने द्यावी, असे नियमच सांगतो. परंतु सुधारित वादपत्र मूळ वादपत्राची जागा घेते. ‘बाकी पूर्वीप्रमाणे’ असे लिहून केवळ नवा मजकूर जोडणाऱ्या कैद्याच्या जुन्या तक्रारी गळून पडण्याची भीती असते. ज्या पहारेकऱ्याचे नाव ठाऊक नव्हते, त्याचे नाव मुदत उलटल्यावर घालू गेल्यास अनेक अपील न्यायालये ते स्वीकारत नाहीत.

१९९६ चा कायदा निरर्थक दाव्यांचा पूर रोखण्यासाठी आला, आणि ती अडचण खोटी नव्हती, हे आम्ही मान्य करतो. त्या कायद्याने गरीब कैद्यालाही शुल्क हप्त्याहप्त्याने भरावयास लावले. निरर्थक, दुष्ट हेतूचे किंवा कायद्याने दाद मिळू न शकणारे म्हणून तीन दावे फेटाळले गेले, तर पुढे शुल्काची ही सवलतही जाते. गंभीर शारीरिक इजेचा धोका समोर उभा असेल तरच अपवाद. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, पुन्हा दावा करण्याची मुभा ठेवून फेटाळलेला दावाही या तिनांत मोजला जाईल; परंतु न्यायाधीशाने वादपत्र दुरुस्त करण्याची परवानगी दिली असेल, तर तो मोजला जाणार नाही. म्हणजे न्यायाधीशाच्या आदेशातील एका वाक्यावर कैद्याचे पुढील दावे अवलंबून राहू शकतात.

सहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने १९९७ मध्ये, छाननीत अडकलेल्या कैद्यास दुरुस्तीची संधी देता येत नाही, असा अर्थ लावला होता. तो २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने सोडून दिला. २००७ मध्ये कोलोरॅडोतील एका कैद्याच्या यकृतरोगाचे उपचार थांबविल्याची तक्रार खालच्या न्यायालयांनी मोघम ठरवून फेटाळली होती. वकिलाविना लिहिलेले वादपत्र उदारपणे वाचावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा पुन्हा बजावले.

आपल्या देशात सुनील बत्रा यांचे तिहार तुरुंगातून आलेले पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले होते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतील व्यक्तीस मोफत कायदेविषयक साहाय्याचा हक्क आहे. तो हक्क आपल्या परिचयातील बंदिवानांच्या कुटुंबांना ठाऊक आहे काय, याचा विचार आपण करावा.

खोटी तक्रार आणि अपुरी तक्रार यांत फरक आहे. खोटी तक्रार दुरुस्तीने खरी होत नाही. अपुरी मात्र पूर्ण होऊ शकते. ती एक संधी नाकारल्यास न्यायालयाचा थोडा वेळ वाचेल, पण ज्याचे औषध थांबले आहे त्याला ते परवडणारे नाही, असे आम्हांस वाटते.