बंदीत जाळी विणणारा रिकामा नसतो, मग वेबसाइट बनवणारा रिकामा कसा?



१ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस आपल्या बोटी किनाऱ्यावर असतात. त्या दिवसांत कोणी जाळी विणतो, कोणी इंजिन खोलतो, कोणी बोटीला रंग काढतो. त्याला कोणी रिकामटेकडा म्हणत नाही. आत्ता जे जाळं नीट केलं नाही ते ऑगस्टात समुद्रात फाटणार, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं.

पण आपल्याच घरातला मुलगा कंपनीतली नोकरी सुटून गावी आला आणि लॅपटॉप उघडून बसला, की आपण लगेच म्हणतो, "सध्या घरीच बसलाय." तो सांगतो, वेबसाइट बनवतोय. आपण म्हणतो, ते काय काम आहे का? मुलगी असेल तर आणखी वेगळं बोलतो, ते इथे लिहीत नाही.

माझं मत विचाराल तर ते काम आहे. त्याची ती बंदी आहे आणि तो आपलं जाळं नीट करतोय. नुसतं "मला येतं" म्हणून पुढची नोकरी मिळत नाही, चालू असलेली वेबसाइट दाखवता आली तर चार शब्द कोणी ऐकून घेतं. फक्त दोन गोष्टी पाळायला हव्यात. सोसायटीनं त्याला कामासारखं काम द्यावं, आणि त्यानं सोसायटीच्या उपयोगाचं करावं.

आज आपण मोबाइलवर जे वेब बघतो त्याची गोष्टही अशाच मधल्या काळातली आहे. टिम बर्नर्स-ली नावाचा इंग्रज इंजिनियर १९८० साली सर्न या जिनिव्हाजवळच्या विज्ञान संस्थेत फक्त सहा महिन्यांच्या कंत्राटावर होता. एवढ्या मोठ्या संस्थेत कोण माणूस कुठल्या मशीनवर आणि कुठल्या प्रोग्रॅमवर काम करतो हे लक्षात राहीना, म्हणून त्यानं स्वतःच्या सोयीसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर जाता यायचं. कंत्राट संपलं, तो निघून गेला. प्रोग्रॅमची डिस्क तिथेच देऊन गेला आणि ती पुढे हरवली. १९८४ मध्ये तो परत सर्नमध्ये आला, १९८९ मध्ये त्यानं तीच कल्पना मोठी करून मांडली आणि ऑगस्ट १९९१ मध्ये जगातली पहिली वेबसाइट सगळ्यांसाठी खुली झाली. ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं हे तंत्र जगाला फुकट देऊन टाकलं.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, सहा महिन्यांच्या माणसाचं काम हलकं समजू नका. दोन, माणूस गेला की डिस्क हरवते. सर्नसारख्या ठिकाणी हरवली, तर आपल्या सोसायटीच्या कपाटाचं काय सांगावं!

आता मुलांसाठी. ती पहिली वेबसाइट आजही बघता येते. नुसता मजकूर आणि लिंक, फोटो एकही नाही. जेटीवर रेंजचा एकच दांडा असला तरी उघडेल. आपली मुलं मात्र आज एक डिझाइन करतात, पंधरा दिवसांनी ते मोडून दुसरं करतात. वर बोट हलते, खाली लाटा हलतात, आणि परवाना नूतनीकरणाला कुठले कागद लागतात ते शोधून सापडत नाही. सुधारणा जरूर करा. पण बोट रोज रंगवायची आणि पाण्यात लोटायचीच नाही, याला धंदा म्हणत नाहीत. डिझाइन बदलण्याआधी एका तांडेलाला आणि एका मासळी विकणाऱ्या मावशीला ती फोनवर उघडायला सांगा. त्या दोघांना जे सापडलं नाही तेवढंच बदला.

वेबसाइटवर लिहायचं काय, यासाठी मी एक जुनं उदाहरण देतो. आहे ते ग्वाल्हेरचं. मासेमारीच्या पानावर ग्वाल्हेर कुठून आलं म्हणाल, पण ऐकून घ्या. शिंद्यांच्या त्या गावात किला गेटकडून किल्ल्यावर चढायला लागलं की वाटेत कातळात कोरलेलं चतुर्भुजाचं देऊळ लागतं. तिथे विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. माळ्यांनी रोज ५० माळा द्यायच्या, तेल्यांनी दर महिन्याला घाण्यामागे ठरलेलं तेल द्यायचं. यातल्या २७० आणि ५० मधलं शून्य आजच्यासारखंच छोटं गोल काढलेलं आहे. आकड्यात लिहिलेल्या जगातल्या जुन्यात जुन्या शून्यांमध्ये त्याची गणना होते. कॉम्प्युटर चालतो तो शून्य आणि एकवरच.

पण मला शून्यापेक्षा त्या माळ्यांचं आणि तेल्यांचं जास्त वाटतं. ते आपल्यासारखेच धंद्याचे गट होते. कोणी, काय, किती आणि किती दिवसांनी द्यायचं हे त्यांनी येण्याजाण्याच्या वाटेवर कोरून ठेवलं. उद्या कोणी म्हणायला नको की असं ठरलंच नव्हतं. सोसायटीची वेबसाइट अशी असावी. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सकाळी टाकलेली सूचना संध्याकाळी शुभेच्छांच्या फोटोंखाली गाडली जाते. वेबसाइटवरची तिथेच राहते. सभेचे ठराव, बर्फाचा दर, डिझेल परताव्याला लागणारे कागद, बंदीच्या तारखा, आणि संकटात लावायचे नंबर, तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. एवढं मराठीत आणि मोठ्या अक्षरात असलं तरी पुष्कळ झालं.

एक गोष्ट मात्र तिथे लिहू नये, ती म्हणजे हवामान. यावर माझा आग्रह आहे. मुलगा हौसेनं रोज हवामान टाकतो. मग त्याला पुण्याला नोकरी लागते, तो जातो, आणि "समुद्र शांत" हे शेवटचं वाक्य महिनाभर तसंच राहतं. ते वाचून कोणी बोट काढली तर जबाबदार कोण? शिळी मासळी पोट बिघडवते, शिळा अंदाज घरचा माणूस नेतो. हवामान खात्याची आणि मासळीच्या जागा कळवणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइसची लिंक द्या, म्हणजे माणूस थेट ताज्या माहितीवर जाईल.

आता सोसायट्यांसाठी. मुलगा आपलाच आहे म्हणून फुकट करून घेऊ नका. जाळं विणणाऱ्याला मजुरी देतो ना? मग समितीत ठराव करा, रक्कम ठरवा आणि व्हाउचरवर सही घेऊन द्या. पैसे दिले की काम मागता येतं, आणि त्यालाही नोकरीच्या अर्जात सोसायटीचं पत्र जोडता येतं.

वेबसाइटचं नाव सोसायटीच्या ईमेलवर आणि सोसायटीच्या फोन नंबरवर घ्या, मुलाच्या नाही. आता देवनागरीतही नाव घेता येतं, डॉट भारत हे २०१४ पासून चालू आहे. नावाचे पैसे दर वर्षी भरावे लागतात. ती तारीख बोटीच्या विम्याच्या तारखेशेजारी भिंतीवर लिहून ठेवा. मुदत गेली की ते नाव कोणीही घेऊ शकतो, आणि मग सोसायटीचं नाव टाकलं की जुगाराची जाहिरात उघडते. पासवर्ड दोघांकडे असावा आणि बंद पाकिटात तिजोरीतही. मुलगा जाताना आपल्याच घरातल्या एकाला दोन दिवस बसवून शिकवून जाईल, हेही ठरावातच लिहा.

नोकरी लागली की मुलगा जाणारच, आणि जायलाच पाहिजे. नारळी पौर्णिमेनंतर आपण बोटी धरून ठेवतो का? तो गेल्यावर वेबसाइट चालू राहिली पाहिजे, एवढंच आपल्या हातात आहे. तुमच्या घरात असं कोणी असेल तर पुढच्या बैठकीला त्याला किंवा तिला बरोबर घेऊन या. खुर्ची आणि चहा तयार असेल. मजुरीचं समोरासमोर ठरवू.

आपला,
सचिव