नृसिंहाला मध्ये आणू नका

मागच्या वर्षी आमच्या फॅमिली ग्रुपवर चुलतभावानं एक रील टाकलं. अमेरिकेतल्या शाळांत म्हणे मुलं स्वतःला मांजर समजायला लागली आहेत, त्यांच्यासाठी शौचालयात मांजरांची वाळूची पेटी ठेवावी लागते. खाली काकांनी लिहिलं, 'घोर कलियुग'. मावशीचे तीन हसरे चेहरे आले. आईनं लिहिलं, 'आईबापांनी काय करायचं बिचाऱ्यांनी'.

मी त्या वेळी पिट्सबर्गमधल्या माझ्या खोलीत जमिनीवर बसले होते. मांडीवर फोम कोरून केलेलं तरसाचं डोकं होतं. एका बाजूला लव लावून झालेली, दुसरीकडे नुसता फोम. बोटांना गोंद लागलेला. तसाच फोन उचलला आणि मीही हसणारा चेहरा टाकला.

मी फरी आहे. तेव्हा तीन वर्षं होते. माझ्याच लोकांबद्दलच्या थापेवर मी माझ्याच आईसमोर हसले. तिला कळू नये म्हणून. त्या इमोजीची मला अजून लाज वाटते, आणि हा लेख माझ्यासारख्याच लपून बसलेल्यांशी भांडायला लिहिते आहे. हसणाऱ्यांशी भांडायला पुष्कळ जण आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्राण्यांसारखी दिसणारी पण माणसांसारखी वागणारी-बोलणारी पात्रं ज्यांना मनापासून आवडतात, ते फरी. डिस्नेच्या १९७३ च्या सिनेमातला कोल्हा असलेला रॉबिन हूड आठवा, किंवा २०१६ चा 'झूटोपिया'. अशी पात्रं बघून काही जण सोडून देतात, काही जण स्वतःचं पात्र तयार करतात. त्याला फरसोना म्हणतात. त्याची चित्रं काढतात, गोष्टी लिहितात, थोडे जण पोशाख शिवतात. बहुसंख्य फरींकडे पूर्ण पोशाख नसतोच, तो परवडत नाही. कारागिराकडून करून घ्यायचा तर काही हजार डॉलर जातात.

१९८९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे या लोकांचं पहिलं स्वतंत्र संमेलन भरलं, तेव्हा जेमतेम ६५ माणसं आली होती. पिट्सबर्गला २००६ पासून दर उन्हाळ्यात ॲन्थ्रोकॉन भरतं. २०२४ साली तिथे १७ हजारांहून जास्त लोक होते. मी एमएससाठी २०१९ मध्ये इथे आले. मग कोविडमुळे दोन वर्षं ते प्रत्यक्ष भरलंच नाही. २०२२ च्या जुलैच्या सुरुवातीला मी डाउनटाउनमध्ये कॉफी घ्यायला गेले, तर रांगेत माझ्यापुढे निळा लांडगा, मागे दोन कोल्हे. काउंटरवरची बाई त्यांना ओळखीच्या गिऱ्हाइकांसारखी विचारत होती, नेहमीचंच का? त्या रात्री मी वहीत पहिला तरस काढला.

आता भांडणाकडे.

आपल्यातल्या बहुतेकांचं ठरलेलं वाक्य असतं, 'घरच्यांना काय कळणार?' हे वाक्य आपण दुःखी चेहऱ्यानं म्हणतो, पण त्यात दुःख कमी आणि तुच्छता जास्त असते. ज्या आईवडिलांनी आपल्या इंजिनिअरिंगची फी कशी भरली हे आपल्याला नीट ठाऊकही नाही, त्यांना 'मला प्राण्यांची पात्रं काढायला आवडतात' एवढं कळणार नाही, असं आपण न विचारताच ठरवून टाकलं. प्रॉडक्शनवर कोड टाकण्याआधी आपण टेस्ट करतो. इथे टेस्ट न करताच फेल लिहून मोकळे झालो.

लपण्याचा दुसरा परिणाम त्याहून वाईट आहे. आपण बोलत नाही, म्हणून रील बोलतं. वाळूच्या पेटीचंच बघा. अशी पेटी ठेवलेली शाळा पत्रकारांनी शोधली, सापडली नाही. २०२२ च्या मार्चमध्ये नेब्रास्काचे सिनेटर ब्रूस बॉस्टलमन यांनी ही गोष्ट सभागृहात खरी म्हणून सांगितली आणि नंतर माफी मागितली. तरी २०२५ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळात विद्यार्थ्यांनी शाळेत प्राण्यांसारखं वागू नये म्हणून विधेयक आलंच. कोलोरॅडोतल्या जेफरसन काउंटीच्या शाळांत मात्र मांजरांची वाळू खरोखर असते, आणीबाणीच्या बादल्यांमध्ये. शाळेत बंदूकधारी शिरला आणि मुलं वर्गात तासन् तास कोंडली गेली, तर त्यांच्या लघवीची सोय म्हणून. कोलंबाइन हायस्कूल त्याच काउंटीत आहे. इतकी भयाण गोष्ट बाजूला राहिली आणि हसं फरींचं झालं.

आणि हे हसण्यावरच थांबत नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये शिकागोजवळ रोझमाँटला मिडवेस्ट फरफेस्ट चालू असताना हॉटेलात कुणीतरी क्लोरीन वायू सोडला. १९ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. मध्यरात्री हॉटेल रिकामं करताना लोक पोशाखासकट थंडीत बाहेर उभे होते. टीव्हीवर ही बातमी सांगताना एका निवेदिकेला हसू आवरेना आणि ती कॅमेऱ्यासमोरून उठून गेली. लोकांवर विषारी वायू सोडला गेलाय आणि बातमी देणाऱ्याला हसू येतंय, कारण ती माणसं आधीच विनोद होऊन बसली आहेत. माझ्या आईच्या डोक्यात फरी म्हणजे तोच विनोद होता. तिला दुसरं काही सांगू शकणारी तिच्या ओळखीतली एकच व्यक्ती होती, आणि ती व्यक्ती हसणारे चेहरे टाकत होती.

बरं, जे सांगतात ते कसं सांगतात? इथे माझं दुसरं भांडण आहे. भारतातल्या फरी मित्रांकडून मला हमखास एक सल्ला मिळाला, 'देवाधर्मातून सांग. नृसिंह, वराह, गणपती, हनुमान. जमलं तर दशावतार आणि जव्हारकडचा बोहाडा पण घाल. आपल्याकडे हे हजारो वर्षं आहे म्हण.'

कृपा करून नृसिंहाला मध्ये आणू नका.

एक तर ते खरं नाही. बोहाड्यात जो मुखवटा चढवतो तो देवाचं सोंग आणतो, ते साऱ्या गावाचं असतं. माझा तरस माझ्या एकटीचा आहे, त्याच्या मागे ना गाव, ना विधी. पुष्पक विमान दाखवून विमानाचा शोध आमचाच म्हणणाऱ्यांना आपण हसतो, मग स्वतःची वेळ आल्यावर तीच चाल कशी काय चालते? दुसरं, रोज देवासमोर दिवा लावणाऱ्या बाईला तिचा देव आणि तुमचं कार्टून एकाच वाक्यात ऐकायला आवडेल, हे तुम्ही कशावरून धरून चालता? तिसरं आणि महत्त्वाचं, असा आडोसा घेतला की आपला छंद त्याच्या स्वतःच्या बळावर उभा राहू शकत नाही, असं आपणच कबूल करतो.

याच्या उलट टोकाचे लोक घरच्यांना समोर बसवतात आणि गंभीर आवाजात म्हणतात, 'मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय.' एवढ्या वाक्यात आईच्या डोळ्यांसमोरून कॅन्सर, नोकरी गेली, पोलीस केस, सगळं फिरून येतं. छंदाची कबुली द्यायची नसते. ट्रेकला जाणारा मुलगा घरच्यांना बसवून सांगतो का, की मी ट्रेकर आहे? तो बूट दाखवतो, फोटो दाखवतो, गुडघा फुटला ते सांगतो.

आता लोक विचारतात तो अवघड प्रश्न. आईनं गुगल केलं तर? तिला अश्लील चित्रंही दिसतील. दिसू देत. ती आहेत, नाहीत म्हणणं खोटेपणा होईल. हे मोठ्या माणसांचंही विश्व आहे आणि मोठी माणसं जिथे जमतात तिथे हा भाग असतोच. संमेलनात असल्या गोष्टी वय तपासून वेगळ्या ठेवतात. पण आईला हे तुमच्या तोंडून कळणं आणि एखाद्या रीलमधून कळणं यात फरक आहे. मी सांगितलं, 'असंही काही असतं, मी त्यात नाही.' ती म्हणाली, 'सिनेमातपण असतंय की.' विषय संपला. सहा महिने मी या एका वाक्याला घाबरत होते.

एक अपवाद मात्र मनापासून मान्य. फरींची वर्षानुवर्षं सर्वेक्षणं करणाऱ्या फरसायन्स या संशोधक गटाला दरवेळी दिसलंय, की फरींमध्ये समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्स माणसांचं प्रमाण खूप मोठं आहे. अनेकांसाठी हा छंद सांगणं म्हणजे दुसरीही गोष्ट उघड होणं, आणि त्या घरात त्याची किंमत मारहाण किंवा बळजबरीचं लग्न असू शकते. त्यांना मी 'सांगा' म्हणणार नाही. त्यांचं लपणं हे संरक्षण आहे. पण माझ्यासारखीला, जिला घरून फार तर टोमणा बसणार होता, त्यांच्या भीतीमागे दडायचा काय अधिकार? उलट ज्यांना सांगणं परवडतं त्यांनी सांगितलं, तरच बाकीच्यांच्या घरी हा शब्द आधी थोडा निवळून पोचेल.

मी शेवटी कसं सांगितलं? आम्ही इचलकरंजीचे. बाबा एका सायझिंगमध्ये हिशेब बघायचे आणि आई पंचवीस वर्षं घरी ब्लाउज शिवते. आमच्या घरात कापडाबद्दल कुणी बावळट नाही. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मी ते अर्धं डोकं तिच्यासमोर धरलं आणि म्हटलं, 'आई, गालावरची शिवण दिसतेय. काय करू?'

'हे काय गं?'

'तरस.'

'एवढे प्राणी सोडून तरस?' मग चष्मा लावून, 'जवळ धर. अगं, लव उलटी लागलीय इथं. मखमल कधी बेतली नाहीस ना? खालच्या बाजूला बाण काढून घ्यायचा आधी. आणि कात्रीनं कापलंस होय? वरचे केस तुटलेत सगळे. मागून ब्लेडनं नुसतं कापड काप.'

लवीचं कापड मागून ब्लेडनं कापायचं, हे मी इंटरनेटवर दोनदा वाचून दोनदा विसरले होते. तिनं ते फोनवरून बघून सांगितलं. पट्टे रंगवायचे की तुकडे जोडायचे यावर आमचा अर्धा तास वाद झाला. फरी हा शब्द चाळीस मिनिटांनी आला. 'म्हणजे त्या रीलमधले?' तिनं विचारलं. मी म्हटलं, 'ते रील खोटं आहे. खरी मी आहे.' ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'मग तू हसलीस कशाला त्याच्यावर?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री मी ग्रुपवर डोक्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, की वाळूची पेटी ही थाप आहे, हे मात्र मी शिवतेय. काकांनी आजपर्यंत काही लिहिलेलं नाही. मावशीनं विचारलं, अमेरिकेत एवढा वेळ मिळतो का. चुलतभावानं मला वेगळा मेसेज केला, 'ताई, तोंड उघडतं का गं ते?' उघडतं. हनुवटीला इलॅस्टिक आहे.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. बाबांनी पंधरा दिवसांनी एकच विचारलं, 'स्थळं बघताना हे सांगायचं का?' मी म्हटलं, 'सांगायचं. फोटोसकट.' ते उठून गॅलरीत गेले. त्यानंतर त्यांनी हा विषय काढलेला नाही, मीही रेटलेला नाही. कदाचित त्यांना कधीच पटणार नाही. पण आता त्यांचा राग एका खऱ्या गोष्टीवर आहे, त्यांच्या खऱ्या मुलीवर आहे. आधी त्यांचं प्रेम जिच्यावर होतं, ती मी पूर्ण नव्हते.

शेपटीचा बेत आईनं वर्तमानपत्रावर कापून फोटो पाठवलाय. पट्टे जोडायचे ठरले.